लाउटरब्रुनेन की ग्रिंडेलवाल्ड? मुक्काम ठरवण्याआधी

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या आसपास दोन-तीन रात्री राहायचं ठरलं की या दोन खोऱ्यांपाशी गाडी अडते. दोन्हीकडचे फोटो सुंदरच असतात, त्यामुळे फोटो बघून काहीच ठरत नाही. मी सल्ला विचारणाऱ्याला आधी विचारतो: ढग उतरले तर दिवसभर काय करणार? आल्प्समध्ये ही वेळ भर जुलैतही येते.

लाउटरब्रुनेनचं वैभव खाली, तळाशी आहे. गाव जेमतेम ८०० मीटर उंचीवर, दोन्ही अंगांना ताशीव कडे. श्टाउबबाख धबधबा २९७ मीटरवरून सुटतो आणि वारा असला की त्याचं पाणी खाली पोचण्याआधीच तुषार होऊन उडतं. खरी थक्क करणारी जागा मात्र ट्रुमेलबाख. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कठड्याला हात लावला तर तो गार आणि ओला. लिफ्ट आहे, पण पुढे निसरड्या पायऱ्या आहेत; गुडघेदुखी असेल तर जपून. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. पावसात यातलं काहीच बुडत नाही, उलट पाण्याला जोर चढतो. खोऱ्याच्या टोकाच्या श्टेशेलबेर्ग गावापर्यंतची वाट जवळपास सपाट आहे आणि दमलं की बस मिळते, म्हणून आई-बाबा बरोबर असतील तर मी हेच खोरं सुचवेन. उणीव एकच: कड्यांमुळे ऊन उशिरा येतं, लवकर जातं.

ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, मोकळं आणि उन्हाचं. आयगरची उत्तर भिंत गावातूनच समोर दिसते. पण इथली मौज वर आहे. केबल कारने वरच्या ‘फर्स्ट’ या ठिकाणी जायचं, कड्याला लगटून बांधलेल्या पुलावरून चालायचं, तिथून तासाभरात बाखाल्पसे तळं गाठायचं. आकाश स्वच्छ असेल तर याला तोड नाही. ढगात मात्र वर गेलात तरी पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसणार नाही. खालची हिमनदीची घळ तेवढी हाताशी राहते.

‘युंगफ्राउयोखला (३४५४ मीटरवरच्या बर्फातल्या रेल्वे स्टेशनला) जायचंय म्हणून ग्रिंडेलवाल्ड’ हे कारण मला पटत नाही. २०२० साली सुरू झालेली आयगर एक्सप्रेस ही केबल कार तिथून १५ मिनिटांत वाटेतल्या आयगरग्लेचर स्टेशनला पोचवते हे खरं, पण लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे जाणारी दातेरी रुळांची गाडीही, मध्ये एकदा बदलून, तिथेच नेते. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं. तिकीट महाग आहे आणि स्विस ट्रॅव्हल पासवर वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या वर फक्त सवलत मिळते, म्हणून सकाळी युंगफ्राउयोखचा थेट कॅमेरा बघा, मगच पैसे भरा. त्याच पासवर लाउटरब्रुनेनच्या कड्यावरच्या म्युरेन गावापर्यंत मात्र वेगळं तिकीट लागत नाही.

आपल्याकडची बरीच कुटुंबं मे महिन्याच्या सुट्टीत जातात. तेव्हा वरच्या पायवाटांवर बर्फ असतो, बाखाल्पसे बहुधा गोठलेलंच, आणि खाली बर्फ वितळून धबधबे भरलेले. मे असेल तर डोळे मिटून लाउटरब्रुनेन घ्या. जुलै ते सप्टेंबर, चालायची हौस आणि हातात तीन-चार दिवस असतील, तर ग्रिंडेलवाल्ड.

कुठेही राहिलात तरी दुसरं खोरं एका दिवसात होतं. फक्त इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्युट्शिनेन स्टेशनवर दोन भागांत फुटते, तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच चढा.