माळेगावचा घोडेबाजार, शंकरपट आणि कॅननची १००-४०० लेन्स

जत्रेतला घोडा किंवा शंकरपटातली, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतली, जोडी टिपायची असेल तर लेन्स निवडताना पहिला विचार अंतराचा करावा लागतो, कारण छायाचित्रकाराची जागा दोरीच्या बाहेर असते आणि ती बाहेरच असली पाहिजे. कॅननची आरएफ १००-४०० एमएम एफ ५.६-८ आयएस यूएसएम ही २०२१ साली आलेली लेन्स मी गेले काही हंगाम याच कामासाठी वापरतो आहे. मराठवाड्यातल्या हिवाळी उन्हात सकाळपासून दुपारपर्यंत उभे राहून काम करणाऱ्याला हिच्याइतकी सोयीची दुसरी लेन्स माझ्या पाहण्यात नाही. मात्र ही शिफारस ऊन असेपर्यंतचीच आहे.

या लेन्सचे वजन ६३५ ग्रॅम आहे. डीएसएलआरच्या काळातली कॅननची ७०-२०० एफ २.८ ही लेन्स सुमारे दीड किलोची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळतो. शंकरपटात जोड्या एकामागून एक सुटत राहतात, प्रत्येक जोडीचा खेळ काही सेकंदांत आटोपतो आणि कॅमेरा डोळ्यावरून खाली घेण्याची सवड मिळत नाही. अशा वेळी हलकी लेन्स असली की शेवटच्या जोडीपर्यंत हात स्थिर राहतो. ४०० एमएमवर फुल फ्रेम कॅमेऱ्यात ६० मीटरवरची सुमारे साडेपाच मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे बाजूने पाहता बैल, छकडी (शर्यतीची हलकी गाडी) आणि धुरकरी (जोडी हाकणारा) पुरेसे भरून येतात. जोडी जवळ आली की १०० एमएमपर्यंत मागे येता येते, आणि एकाच जागेवरून सुरुवात व शेवट दोन्ही हाती लागतात.

अमेरिकेतल्या रोडिओत, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या खेळांत, उसळणाऱ्या ब्रॉंक घोड्यावर स्वाराला एका हाताने धरून आठ सेकंद टिकायचे असते, आणि १०० गुणांपैकी निम्मे स्वाराचे तर निम्मे घोड्याचे असतात. पहिल्या उडीला स्वाराचे पाय घोड्याच्या खांद्यांच्या वर असावे लागतात, म्हणून तिथले छायाचित्रकार दार उघडण्याआधीच फोकस साधून सज्ज असतात आणि घोड्याचे सगळे शरीर चौकटीत घेतात. ही शिस्त आपल्याकडेही जशीच्या तशी उपयोगी आहे. पटाच्या छायाचित्रात धुरकऱ्याचा आवेश दिसला पण बैलांचे खूर कापले गेले, तर बैलमालकाच्या दृष्टीने ते छायाचित्र अपुरेच राहते, आणि त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

प्रकाशाचा हिशेब मात्र नीट समजून घेतला पाहिजे. ४०० एमएमवर हिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ ८ पेक्षा मोठे होत नाही (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे). स्वच्छ उन्हात १/१६०० सेकंदाचा शटर ठेवला तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ४०० च्या आसपास काम भागते, खूर आणि उडालेली ढेकळे गोठतात, आणि चित्र स्वच्छ येते. सूर्य कलल्यावर तोच आयएसओ ६४०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो, तर एफ २.८ च्या लेन्सला तेवढ्याच प्रकाशात ८०० पुरतो. कंपन रोखण्याची साडेपाच स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निम्मी पायरी) सोय हिच्यात आहे. तिने हाताचा थरकाप सावरतो, बैलाचा वेग थांबत नाही. अंतिम फेऱ्या अनेकदा सायंकाळी होतात, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा.

फोकसची मोटर शांत आणि चपळ आहे. माझ्या कॅननच्या आर ६ मार्क २ कॅमेऱ्यात प्राण्यांच्या ओळखीत घोड्याचा समावेश आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडेबाजारात रेवाल (झपझप, पण न उसळणाऱ्या) चालीने येणाऱ्या घोड्याचा डोळा या जोडगोळीने सहसा सोडलेला नाही. बैलाचे नाव त्या यादीत नाही. तो कधी ओळखला जातो, कधी धुरकऱ्याच्या फेट्यावर फोकस जातो. पटासाठी मी लहान चौकोन निवडून तो आतल्या बैलाच्या कपाळावर धरतो. यात्रेतल्या पशुप्रदर्शनात गडद तांबडी लाल कंधारी आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली देवणी या जातींची जनावरे शेजारी उभी असतात, तेव्हा कॅमेऱ्याच्या प्रकाशमोजणीवर विसंबू नये. देवणीतल्या वानेरा प्रकारात तोंड काळे असते, त्यामुळे काळे डोळे हरवू नयेत म्हणून प्रकाश बाजूने घ्यावा. पांढरा खिलार बैल काळ्या मातीपुढे धावत असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करावे, नाहीतर त्याच्या वशिंडावरचा सगळा तपशील जळून जातो.

धूळ हा या लेन्सचा खरा शत्रू आहे. ओलावा आणि धूळ रोखणारी सीलबंद बांधणी हिला नाही, आणि झूम करताना नळी पुढे सरकत असल्याने काळ्या मातीचा बारीक थर तिच्यावर बसतोच. घरी आल्यावर आधी फुंकणीने आणि मगच मऊ ब्रशने साफ करावे. लेन्स हूड खोक्यात येत नाही. तो स्वतंत्र घ्यावा, कारण हिवाळ्याचे तिरपे ऊन थेट काचेवर पडते. ६७ एमएमचा साधा संरक्षक फिल्टरही लावावा. बैलांच्या शर्यतींवरील बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पट उघडपणे भरत आहेत आणि दोरीबाहेर छायाचित्रकारांची गर्दीही होते, त्यामुळे लांब, जड लेन्स फिरवायला जागाच उरत नाही. तिथेही ही छोटी लेन्स कामी येते.

यात्रेचा आणि पटाचा छंद जपणाऱ्यांनी, तसेच गावच्या स्टुडिओवाल्यांनी दिवसाच्या कामासाठी ही लेन्स निःशंकपणे घ्यावी. ज्यांना सायंकाळच्या अंतिम फेऱ्यांचे काम मिळाले आहे, त्यांनी त्या एका दिवसापुरती एफ २.८ ची लेन्स भाड्याने आणावी आणि पुढे झेप घ्यायची असेल तरच विकत घेण्याचा विचार करावा.