ओट्यावरचा ओव्हन आणि एक हंगाम: पानगळ ते नाताळ

पानगळ सुरू झाली, सकाळच्या हवेत गारवा आला आणि संध्याकाळ लवकर होऊ लागली, की घरात काहीतरी भाजायला ठेवावे आणि दालचिनीचा व तापलेल्या लोण्याचा वास खोल्याखोल्यांतून फिरावा, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. त्यासाठी मी ३५ लिटरचा, स्वयंपाकाच्या ओट्यावर मावणारा विजेचा ओव्हन, म्हणजे आपण ज्याला ओटीजी म्हणतो तो, विकत घेतला आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नाताळच्या दिवसापर्यंत आठवड्यातून दोनदा तरी वापरला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण जे गुणदोष पुढे सांगणार आहे ते या धाटणीच्या अनेक ओव्हनांत आढळतात आणि घरी केक-बिस्किटे करणाऱ्या कोणालाही ते आधी माहीत असलेले बरे.

रचना साधी आहे. वर दोन आणि खाली दोन दांडे तापतात, उजव्या बाजूला तीन नॉब आहेत, मागच्या भिंतीत एक पंखा आणि आत एक लहानसा दिवा आहे. तापमानाच्या नॉबवर १०० ते २५० अंश सेल्सिअसच्या खुणा आहेत, टायमर ६० मिनिटांचा आहे, सोबत दोन ट्रे, एक जाळी आणि गरम ट्रे बाहेर काढण्याचा चिमटा मिळतो. काचेचे दार घट्ट बसते, तरी त्याच्या वरच्या कडेपाशी हात नेला की गरम हवेची झुळूक लागते. बाहेरचा पत्रा चांगलाच तापत असल्यामुळे भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे लागते. दिसायला नीटनेटका आणि पुसायला सोपा आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ओव्हनची खरी परीक्षा त्याच्या उष्णतेत असते आणि मला जे सांगायचे आहे तेही तिच्याविषयीच आहे.

पहिला प्रयत्न सफरचंदाच्या केकचा होता. सालीसकट बारीक चिरलेली सफरचंदे, दालचिनी आणि थोडे जायफळ घातलेले मिश्रण लांबट केकटिनमध्ये ओतून मी नॉब १८० वर ठेवला. वीस मिनिटांतच केकचा माथा गडद तपकिरी झाला आणि पस्तिसाव्या मिनिटाला मधोमध फुगून तडकला. त्या भेगेतून ओले मिश्रण वर आले, आणि सुई घालून पाहिली तर ती चिकट निघाली. कारण पुढे नीट समजले. ओव्हन हवा त्यापेक्षा गरम असला, की केकची वरची साय आधीच घट्ट होऊन बसते, आतले मिश्रण मात्र अजून फुगतच असते, आणि त्याला जागा उरली नाही की ते माथा फोडून बाहेर येते. तपकिरी रंगाचेही तसेच. प्रथिने आणि साखर यांच्यातली जी प्रक्रिया हा रंग आणि खमंग वास देते, ती लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली; साधारण १४० अंशांच्या पुढे ती वेग घेते आणि उष्णता वाढेल तशी झपाट्याने पुढे जाते. केकच्या पोटात पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतला भाग आपल्या गतीनेच शिजतो. म्हणजे बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा केक हा नेहमीच कृतीचा दोष नसतो. पुष्कळदा तो तापमानाचा असतो.

संशय आला म्हणून मी साखरेची जुनी परीक्षा करून पाहिली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. म्हणून ओव्हन १७५ वर पंधरा मिनिटे ठेवला तर चमचाभर साखर जशीच्या तशी कोरडी राहायला हवी आणि १९० वर ठेवला तर वितळायला हवी. फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घालून मी नॉब १७५ वर आणला आणि काचेसमोर बसून राहिले. अकराव्या मिनिटाला ढिगाच्या कडेचे दाणे चमकू लागले, मग पारदर्शक झाले, आणि पंधरा मिनिटे होईतो कडेने मधाच्या रंगाची ओली रेघ उमटली. नॉबवरचा आकडा खरा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जाळीला टांगायचा गोल तापमापक आणला. त्याला ना बॅटरी लागते ना वायर. दोन वेगवेगळ्या धातूंची पट्टी तापल्यावर वळते आणि काटा फिरतो, एवढेच त्याचे तंत्र. नॉब १७५ वर असताना काटा १९५ च्या आसपास फिरत होता. दांडे चालू-बंद होतात तसा तो दहा-बारा अंश वरखाली व्हायचा, पण सरासरी वीस अंशांची तफावत महिनाभरात बदलली नाही. माझ्या लेखी हा दिलासा आहे. ओव्हन रोज वेगळे चुकत असेल तर त्याचे काहीच करता येत नाही. रोज तेवढाच चुकत असेल तर नॉब वीस अंश मागे ठेवला की काम होते.

ओव्हन तापून तयार झाल्याचे सांगणारा दिवाही फसवा आहे. तो नवव्या मिनिटाला विझतो, पण तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते. पत्रा आणि जाळी तापायला वीस मिनिटे लागतात. नवव्या मिनिटाला दार उघडून टिन आत ठेवला, तर काटा चाळीस अंशांनी खाली येतो आणि वर यायला बराच वेळ घेतो; विसाव्या मिनिटाला ठेवला तर लवकर सावरतो. बेकिंग पावडरच्या मिश्रणाला ही वाट पाहणे परवडत नाही. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने यीस्ट न चालणाऱ्या आपल्या पत्नीसाठी बेकिंग पावडर तयार केली, तेव्हापासून तिचा गुण हाच आहे, की ओलावा मिळताच ती वायू सोडू लागते. हल्लीची पावडर काही वायू उष्णतेसाठी राखून ठेवते, तरीही मिश्रण टिनमध्ये पडल्यावर ओव्हनसाठी ताटकळत ठेवणे म्हणजे त्यातला हलकेपणा घालवणे. म्हणून मी मैदा चाळण्याआधी ओव्हन लावते.

ऑक्टोबरमध्ये लाल भोपळ्याचा केक आणि सुंठीची बिस्किटे हा नित्याचा कार्यक्रम झाला, आणि येथे ओव्हनने मन जिंकले. भोपळा वाफवून, पुरणयंत्रातून काढून, फडक्यात बांधून पाणी गाळून घेतला तर केक जड होत नाही. खऱ्या १७५ अंशांवर तो ५५ मिनिटांत एकसारखा फुगतो आणि माथ्यावर अगदी बारीक भेग पडते, जी शोभूनच दिसते. बिस्किटांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागल्या. खालचे दांडे ट्रेच्या फार जवळ असल्यामुळे पहिल्या घाण्याची बुडे आठ मिनिटांत काळी पडली. एकावर एक दोन ट्रे ठेवल्यावर ती अडचण सुटली. दुसरे म्हणजे मागचा डावा कोपरा इतर भागापेक्षा जास्त तापतो, तेव्हा अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा लागतो. काकवी, सुंठ, दालचिनी आणि लवंग घातलेली ही बिस्किटे आत असताना मी दिवा लावून ठेवायचे, आणि माझी धाकटी बहीण घरी आली की खुर्ची ओढून काचेसमोर बसायची. "ताई, बघ, आता कडा उचलल्या," असे ती म्हणाली की मी ट्रे फिरवायचे. कडा उचलल्या जातात, वरचा भाग मधोमध फुगतो आणि मिनिटभराने बसतो, तेव्हाच त्या बारीक चिरा पडतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि काचेतून पाहणे वेगळे. काच स्वच्छ आणि दिवा पुरेसा प्रखर असणे हा या ओव्हनचा मोठा गुण मी मानते.

त्याच दिव्याचा दुसरा उपयोग थंडी वाढल्यावर कळला. लोणी आणि साखर फेटायची तर लोणी १८ ते २० अंशांचे, बोट दाबले की खळगा पडेल पण चकाकणार नाही असे हवे, आणि नोव्हेंबरात ओट्यावर ठेवलेले लोणी दुपारपर्यंत दगडासारखेच राहत असे. दांडे बंद ठेवून नुसता दिवा लावला, तर ओव्हनच्या आत अर्ध्या तासात मंद ऊब धरते. पंधरा मिनिटे त्या उबेत ठेवलेले लोणी फेटायला अचूक मऊ होते. यीस्टचे पीठ फुगवायलाही ही जागा फार सोयीची आहे. नाताळासाठी मी जर्मन स्टोलन केला, ज्यात सुकामेवा आणि लोणी इतके असते की पीठ फुगायला नेहमीच्या पावापेक्षा कितीतरी अधिक वेळ घेते. या पदार्थात एके काळी लोणी घालायची मुभाच नव्हती. ख्रिस्तजन्माआधीच्या आगमनकाळात उपवास असल्यामुळे तेल वापरावे लागे, आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी पत्राने परवानगी दिली तेव्हा कोठे ड्रेस्डेनच्या परिसरात लोणी वापरता येऊ लागले. त्या पिठाला दिव्याच्या उबेत अडीच तास दिले. भाजताना खालची बाजू थोडी अधिक लाल झाली, पण पोत सुरेख आला आणि पिठीसाखरेचा जाड थर दिल्यावर तो दोन आठवडे छान राहिला.

आता तक्रार. टायमर ६० मिनिटांचा आहे आणि त्याला सतत चालू ठेवण्याची खूण नाही. बिस्किटांना, लहान केकना याने काहीच फरक पडत नाही, पण नाताळचा सुकामेव्याचा केक २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये १५० अंशांवर तीन तासांहून अधिक घेतो. त्याला मंद आच लागते, कारण मिश्रण घट्ट असते, उष्णता त्यात हळूहळू शिरते आणि वरच्या मनुका जास्त तापल्या तर कडू होतात. पहिल्या वेळी मी टिनला आतून बटर पेपरचे दोन थर दिले, बाहेरून जाड कागद गुंडाळला, माथ्यावर फॉइल ठेवले, आणि टायमर दोनदा पुन्हा फिरवला. तो तिसऱ्यांदा फिरवायच्या वेळी मी शेजारच्या खोलीत होते. टायमर संपल्यावर "टण" असा एकच बारीक आवाज होतो. तो ऐकू आला नाही आणि ओव्हन बंद झाला. परत आले तेव्हा पंचवीस मिनिटे उलटून गेली होती, काटा ९० वर होता आणि केकचा मधला भाग बोटभर खाली बसलेला होता. लगेच ओव्हन लावून केक पुढे भाजला, पण कापल्यावर मधोमध दोन बोटे रुंदीचा, चिकट, काचेसारखा चमकणारा पट्टा निघाला. अंडी आणि मैद्यातील पिष्ट ६० ते ७० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतात आणि केकचा ढाचा धरतात. तो ढाचा मध्यापर्यंत पुरता पोहोचण्याआधीच उष्णता गेली. आठवडाभर संत्र्याच्या रसात भिजवलेल्या सुकामेव्याचे असे व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्या यंत्रावर केकचे चित्र छापलेले असते, त्याला तीन तास अखंड चालता यायला हवे, ही अपेक्षा जास्त नाही, आणि बनवणाऱ्यांनी सर्वांत आधी हीच गोष्ट सुधारावी.

पंख्याविषयी थोडे. दोन ट्रे एकदम लावायचे असतील तर तो उपयोगी आहे आणि तेव्हा तापमान आणखी वीसेक अंशांनी कमी ठेवावे. सुकामेव्याच्या केकला मात्र तो बंदच ठेवावा, कारण फिरत्या हवेने माथा कोरडा पडतो. ओव्हनसोबत दोन वस्तू घ्यायलाच हव्यात: वर सांगितलेला तापमापक आणि डिजिटल वजनकाटा. एक कप मैदा कसा भरला त्यावर त्याचे वजन १२० ग्रॅमपासून १५० ग्रॅमपर्यंत जाते, आणि तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमचा होतो. तापमान दुरुस्त केल्यावरही केक घट्टच होत असेल, तर कारण तेथे शोधावे.

हा ओव्हन घ्यावा का? बिस्किटे, लांबट केक, पाव आणि लहान गोल केक करणाऱ्याने जरूर घ्यावा. पाचपैकी चार गुण मी विनासंकोच देते. ज्यांना नॉबवरच्या आकड्यावर विसंबून दुसऱ्या कामाला लागायचे आहे, त्यांना तो त्रास देईल. ज्यांना मोठे, तीन तासांचे केक वारंवार करायचे आहेत, त्यांनी सतत चालू राहण्याची सोय असलेला ओव्हन निवडावा, मग तो थोडा महाग असला तरी चालेल.

सुकामेव्याचा दुसरा केक मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केला. इंग्लंडमध्ये आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी नाताळच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्याची प्रथा आहे, आणि केकला मुरायला चार आठवडे मिळावेत हा हिशेब मलाही पटला. टिन १८ सेंटिमीटरचा घेतला. त्याचे क्षेत्रफळ २० सेंटिमीटरच्या टिनच्या सुमारे चार पंचमांश भरते, म्हणून सगळे साहित्य त्याच प्रमाणात कमी केले. नॉब १३० वर ठेवला, तापमापकाचा काटा १५० वर स्थिर असल्याचे पाहिले, आणि फोनवर दर पन्नास मिनिटांनी गजर लावून टायमर संपण्याआधीच तो पुन्हा फिरवला. पावणेतीन तासांनी सुई स्वच्छ निघाली. केक टिनमध्येच रात्रभर निववला, बटर पेपरात आणि फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवला आणि दर रविवारी उघडून त्यावर दोन चमचे संत्र्याचा रस आणि ब्रँडी शिंपडली. नाताळच्या दुपारी तो कापला, तेव्हा कडेपासून मध्यापर्यंत एकच गडद रंग होता, सुरीला काही चिकटले नाही, आणि पहिली फोड बहिणीने उजेडाकडे धरून मधला भाग नीट पाहिला, मग खाल्ली.