फ्योर्स्टेमानचा जुन्या जर्मन नावांचा कोश: घ्यावा, पण जोडीला पुरवणी हवीच

जुन्या जर्मानिक (जर्मन, इंग्रजी, गॉथिक या भाषाकुळातल्या) नावांचा माग काढणाऱ्याला जर्मन अभ्यासक एर्न्स्ट फ्योर्स्टेमानचा ‘आल्टडॉइचेस नामेनबूख’ टाळता येत नाही. १८५६ची पहिली आवृत्ती सोडून द्या. १९००ची, बॉनला छापलेली दुसरी घ्या. स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो. उतरवताना खंड तपासा, कारण माणसांची नावं पहिल्या खंडात आहेत, दुसऱ्यात फक्त भौगोलिक नावं.

नवखा माणूस मांडणीतच अडकतो. नावं मूळ घटकांप्रमाणे लावली आहेत, त्यामुळे रॉबर्ट ‘आर’मध्ये शोधून सापडत नाही. आधी त्याचे दोन तुकडे करायचे: ह्रोथ (कीर्ती) आणि बेर्ख्ट (तेजस्वी). ल, र, न, व यांच्या आधीचा ‘ह’ पुढे गळाला. कोश मात्र जुनं रूप धरतो, म्हणून रॉबर्ट, रोलांड, रुडॉल्फ, लुडविग सगळे ‘एच’खाली. डीट्रिशसाठी ‘टीएच’ उघडा. थेउडा म्हणजे लोक. फ्रेंच नावाच्या सुरुवातीला ‘जीयू’ दिसलं तर ‘डब्ल्यू’ धरून पाहा, गियोम म्हणजे विल्हेल्मच. लॅटिन दस्तांत नावाच्या शेवटी लागलेला ‘-उस’ छाटून टाकायचा.

गोव्या-वसईतल्या रॉड्रिग्ज आडनावाचं मूळही ह्रोथखालीच मिळतं: रॉड्रिगो म्हणजे ह्रोथ आणि रीक (सत्ताधीश), अखेरचं ‘-एस’ म्हणजे अमक्याचा मुलगा. अशा व्हिसिगॉथ (स्पेनवर राज्य केलेले जर्मानिक लोक) वळणाच्या नावांना मात्र पील आणि क्रेमर यांचा १९७६चा हिस्पानो-गॉथिक कोश जास्त भरवशाचा.

कोशाची खरी श्रीमंती नोंदींत आहे. साधारण ११००पर्यंतची रूपं, कुठल्या शतकातली, कुठल्या दस्तात, सगळं दिलेलं. दोन घटकांचे अर्थ जोडून वाक्य बनवण्याचा मोह मात्र आवरा. हिल्डेगुंडमध्ये दोन्ही तुकडे ‘लढाई’च, फ्रेडेगुंडमध्ये शांतता आणि लढाई शेजारी-शेजारी. बरेचदा आईबापांच्या नावांतले तुकडे उचलून मुलाचं नाव ठेवत. इंग्लंडमधल्या वूस्टरचा बिशप वुल्फस्टन घ्या: बाप एथेलस्टन, आई वुल्फगिफू. त्यात ‘लांडगा-दगड’ असा अर्थ शोधणं फुकाचं.

उणिवा किरकोळ नाहीत. आधार एकोणिसाव्या शतकातल्या आणि त्याआधीच्या छापील दस्तसंग्रहांचा, त्यांत बनावट सनदाही. काही केल्टिक आणि रोमन नावंही जर्मानिक म्हणून घुसली आहेत. हेनिंग काउफमानच्या १९६८च्या पुरवणीत यातलं बरंच दुरुस्त झालं आहे. ती ग्रंथालयातून मिळवा आणि प्रत्येक घटक तिथे पडताळा. जर्मन जेमतेम वाचता आलं तरी चालेल, पण सुरुवातीची संक्षेपांची यादी छापून जवळ ठेवा, नाहीतर नोंद उलगडत नाही. स्कॅनमधल्या शब्दशोधावर विसंबू नका, पानं उलटूनच शोधा. इंग्लंडच्या नावांना सर्लचा १८९७चा कोश बरा, पण तो नुसती नोंदवही आहे. अर्थासाठी परत फ्योर्स्टेमानकडेच यावं लागतं.