शेजारचं मांजर: नुसतं खाऊ घालावं, दोन घरांत वाटून घ्यावं, की आपलंच करावं?

संध्याकाळी सातच्या सुमाराला गॅलरीच्या कठड्यावरून एक मांजर आत येतं, सोफ्याला अंग घासतं, वाटीपाशी जाऊन बसतं आणि रात्री निघून जातं. ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं आहे हे सगळ्या विंगला ठाऊक असतं. महिन्या-दोन महिन्यांनी घरात विषय निघतोच: याला आता आपणच ठेवून घ्यावं का?

वाटा तीन आहेत. येईल तेव्हा खाऊ घालायचं आणि बाकी काकूंवर सोडायचं. काकूंशी बोलून दोन्ही घरांनी मिळून सांभाळायचं. किंवा काकूंच्या संमतीने मांजर पूर्णपणे आपलं करायचं. आमचं मत आधीच सांगतो. मालक प्रेमळ असेल, फक्त कमी पडत असेल, तर दुसरी वाट मांजराच्या सर्वांत फायद्याची असते. सगळ्यांत जास्त नुकसान पहिल्या वाटेने होतं, आणि ती निरुपद्रवी वाटते म्हणून बहुतेक जण तीच धरतात.

आधी ते कोणाचं आहे ते नक्की करा

गळ्यात पट्टा नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही. कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्याचं नसबंदीचं ऑपरेशन बहुधा एखाद्या संस्थेने केलेलं असतं. ते भटकं असू शकतं, पण कुणीतरी नंतर पाळलेलंही असू शकतं. जनावरांच्या डॉक्टरांकडे चिप वाचायचं यंत्र असेल तर खांद्यांच्या मधोमध फिरवून बघायला सांगा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप तिथे कातडीखाली असते आणि यंत्रावर 15 आकडी क्रमांक दिसतो. आपल्याकडे चिप लावलेली मांजरं कमी आहेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांनी मात्र चिप तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. तिथे 10 जून 2024 पासून पाळीव मांजराला चिप लावणं सक्तीचं आहे, आणि दुसऱ्याचं मांजर पळवणं हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा वेगळा गुन्हा त्याच वर्षी झाला.

सोपा आणि खात्रीचा उपाय कागदी पट्ट्याचा. साध्या कागदाची 2 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब पट्टी कापा. त्यावर लिहा: ‘मी रोज बी विंगमध्ये जेवते. मी तुमची असेन तर या नंबरवर कळवा.’ दोन बोटं आत सरकतील इतकी सैल ठेवून टोकं चिकटपट्टीने जोडा. स्टेपलर नको, दोरा नको. कुठे अडकली तर पट्टी फाटायलाच हवी. दोन-तीन दिवसांत एकतर फोन येतो किंवा मांजर पट्टीशिवाय परत येतं. कोऱ्या गळ्याने आलं तर आणखी एकदा लावून बघा, कारण ती आपसूकही फाटते. दुसऱ्यांदाही कोऱ्या गळ्याने आलं तर कुणीतरी वाचून काढली असण्याची शक्यता जास्त.

वाटीचा प्रश्न

चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. ते प्रमाण काकूंच्या घरी पूर्ण होत असेल आणि तुम्हीही मूठभर देत असाल, तर वजन वाढतं. चार किलोच्या जिवाला एक किलो जास्त म्हणजे पाव हिस्सा जादा.

पण वजन ही किरकोळ बाब. खरा धोका पथ्याचा आहे. बोक्यांना लघवीत खडे होण्याचा त्रास पुष्कळ होतो, आणि काही प्रकारचे खडे खास खाण्याने विरघळवता येतात. अट एकच, दुसरं काहीही पोटात जाता कामा नये. काकू महागडं पथ्याचं पाकीट आणून मापाने देत असतात आणि दोन मजले खाली त्याच बोक्याला रोज साधं खाणं मिळतं. लघवीची वाट बंद झालेला बोका 24 ते 48 तासांत दगावू शकतो. मधुमेही मांजराचं तसंच. इन्सुलिनच्या वेळी ते घरी जेवलं पाहिजे. बाहेर पोट भरून आलेलं मांजर ताटलीला तोंड लावत नाही, आणि सुई द्यावी की नको या पेचात मालक अडकतो.

घरातलं उष्टं दिलं तर आणखी एक भर पडते. चिकनच्या रश्श्यात, आमटीत कांदा-लसूण असतो आणि त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

वाटून सांभाळायचं ठरलं की यातलं जवळपास सगळं सुटतं. कारण सुरुवातच एका साध्या प्रश्नाने होते: ‘काकू, तुमची मनी रोज संध्याकाळी आमच्याकडे येते. तिला काही पथ्य आहे का? आम्ही दिलेलं चालेल का?’ यात तक्रार नाही, उपकार नाही. ‘तुम्ही तिच्याकडे लक्ष देत नाही’ अशी सुरुवात केलीत तर दार बंद होतं आणि भोगतं मांजर. काकू हो म्हणाल्या की प्रमाण ठरवा: सकाळचे 30 ग्रॅम त्यांचे, संध्याकाळचे 25 तुमचे, दोघांकडे एकच ब्रँड. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून एका वाटीला मार्करने खूण करून ठेवा, मग रोज मोजावं लागत नाही.

ऑपरेशन आणि पिल्लं

मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि साधारण 63 ते 65 दिवसांत विते. म्हणजे ‘बघू नंतर’ म्हणायला वेळ नसतो. नुसतं खाऊ घालणारा या प्रश्नाला हात घालत नाही, आणि त्याच्या खाण्यावर धडधाकट राहिलेली मांजरी वर्षाला दोन-तीनदा विते. खाणं घातलं की त्या पिल्लांची थोडी जबाबदारी आपल्यावरही येते, असं आम्हाला मनापासून वाटतं.

म्हणून शेजाऱ्याचं मांजर परस्पर उचलून ऑपरेशन करून आणावं का? नाही. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या जनावराला भूल देण्याचा निर्णय तुमचा नाही, आणि त्याचे जुने आजार तुम्हाला माहीत नसतात. अर्धा खर्च आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी घेतो म्हणा. बरेच मालक पैशांपेक्षा पिंजरा, रिक्षा आणि सुट्टी यांना अडलेले असतात. ऑपरेशननंतर मांजरीला सात ते दहा दिवस बंद खोलीत, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू (कोन) घालून ठेवावं लागतं. बोक्याला दोन-तीन दिवस पुरतात. फिरण्याची सवय असलेली मांजरी तिसऱ्या दिवशी खिडकीतून उडी मारते आणि टाके उसवतात. दोन घरांपैकी ज्याच्याकडे जाळी लावलेली खोली आहे तिथे तिने ते दहा दिवस काढावेत, हे आधीच ठरवा.

आणि एक गोष्ट न चुकता बघा. मांजरीला घरात कोंडण्याआधी तिला उताणी करून पोट तपासा. स्तनाग्रं गुलाबी, फुगलेली आणि भोवतालचे केस झडून छोटी गोल टकलं पडलेली दिसली तर ती दूध पाजते आहे. तिची पिल्लं मीटररूममध्ये, गच्चीवरच्या टाकीखाली, कुठेतरी वाट बघत आहेत. तिला तुम्ही दयेपोटी आत घेतलंत तर ती लहान पिल्लं एक-दोन दिवसांत जातात.

कायदा काय म्हणतो

पाळलेलं मांजर कायद्याच्या नजरेत मालकाची मालमत्ता आहे. भारतीय न्याय संहितेच्या 303 व्या कलमात चोरी समजावून सांगताना एक उदाहरण आहे, ते 1860 च्या दंडसंहितेतून तसंच पुढे आलेलं. दुसऱ्याच्या कुत्र्याला आमिष दाखवून कुणी मागे यायला लावतो. हेतू मालकाच्या संमतीशिवाय ते अप्रामाणिकपणे काढून घेण्याचा असेल, तर कुत्रं मागे चालू लागताक्षणी चोरी झाली. गॅलरीत वाटी ठेवणाऱ्यावर कुणी लगेच गुन्हा दाखल करणार नाही. पण ‘आम्ही काही पकडून आणलं नाही, ते आपणहून आलं’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. वाटी ठेवताना मनात काय होतं, हे स्वतःलाच विचारून बघा.

दुसऱ्या बाजूला मालकालाही बंधन आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या 11 व्या कलमानुसार जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि उपाशी मरेल असं सोडून देणं हे गुन्हे आहेत. यातला कुठलाही गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार? म्हणून तक्रारीपेक्षा जिन्यातलं बोलणं जास्त कामाचं.

आपलंच करायचं ठरलं तर

काकू मुलाकडे कायमच्या चालल्या आहेत, त्यांच्या घरात कुणाला दमा आहे, किंवा त्यांनी स्वतःहून ‘तुम्हीच ठेवा’ म्हटलं आहे, तर ही वाट योग्य. तोंडी बोलण्यावर थांबू नका. तारीख आणि फोटोसह एक मेसेज त्यांच्याकडून घ्या: ‘मनीला आजपासून तुम्ही सांभाळा, आमची हरकत नाही.’ लसीकरणाचं पुस्तक मागून घ्या. सहा महिन्यांनी घरातलं दुसरं कुणी ‘आमचं मांजर परत द्या’ म्हणत आलं, तर तुमच्या हातात हेच दोन पुरावे असतात.

शेजारचं मांजर घेणं हे लांबून आणलेलं मांजर घेण्यापेक्षा अवघड असतं. त्याचं जुनं घर 30 पायऱ्यांवर आहे. दार उघडलं की ते तिकडे जाणार, दारात बसून ओरडणार, आणि काकूंना भरून येऊन त्या आत घेणार. म्हणजे पुन्हा दोन घरं. हे टाळायचं तर त्याला पूर्ण घरातलं करावं लागतं: खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी, मांजराच्या लांबीच्या दीडपट लांबीचा शी-शूचा ट्रे, त्यात घालायला महिन्याला 5 ते 8 किलो बेंटोनाइट माती, काथ्या गुंडाळलेला तीन फुटी खांब, आणि दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं दमवणारा खेळ. पहिले दोन-तीन आठवडे पहाटे चारला आरडाओरडा होतो. तेव्हा उठून खाणं दिलंत तर तो कायमचा नेम होतो. फिरणं ज्याचं सगळं आयुष्य आहे अशा आठ वर्षांच्या बोक्याला हे कोंडणं जाचतं, त्याच्या बाबतीत वाटून सांभाळणंच बरं. दीड-दोन वर्षांचं मांजर सहसा रुळतं.

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला 10 ते 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, रक्ताची तपासणी आणि लसी उरकून घ्या, आणि मगच भेट घडवा. खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत. जागा बदलल्यामुळे दोन दिवस काहीच न खाल्लेलं मांजर, विशेषतः जाडं, थेट डॉक्टरकडे न्या, त्याचं यकृत बिघडायला लागलेलं असू शकतं.

न विचारता उचलावं लागतं तेव्हा

तोंड उघडून श्वास घेणारं, अपघात झालेलं, ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून एक थेंबही लघवी न होणारं मांजर दिसलं तर आधी उचला, रिक्षातून मालकाला फोन करा. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव वॉचमनलाही माहीत असतं. घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. मांजराला ती विष आहे. कुत्र्याचे गोचिडांवरचे पर्मेथ्रिनवाले थेंबही तसेच. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

मालक घर सोडून गेला आणि मांजर मागे राहिलं, तर सोसायटीच्या ऑफिसमधून नंबर काढा, मेसेज करा, बंद दारावर चिठ्ठी लावा आणि आठ-दहा दिवस खाणं देत थांबा. प्रत्येक गोष्टीचा फोटो ठेवा. उत्तर आलं नाही तर ते तुमचं, निःसंकोच.

काकू नको म्हणाल्या तर

निरोगी, नीट जोपासलेल्या मांजराच्या बाबतीत तो नकार पाळायचा. वाटी उचला, पाण्याचं भांडंही. सात वाजायच्या आधी गॅलरीचं दार लावा. ते काचेवर पंजा मारेल, आठवडाभर, कधी दोन आठवडे. पाणी उडवू नका, हाकलू नका, आणि चौथ्या दिवशी जीव तुटला म्हणून दारही उघडू नका. एकदा उघडलेलं दार त्याला पुढचे पंधरा दिवस तिथे बसवून ठेवतं. जिन्यात भेटलं तर डोकं खाजवा आणि रिकाम्या हाताने पुढे जा.