एफएसटेस्ट्स: आठ महिने वापरल्यावर

आमची टीम छोट्या स्टोरेज बॉक्ससाठी लिनक्स कर्नल तयार करते. फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल्स मांडून ठेवणारी यंत्रणा) तपासणाऱ्या आमच्याच दीडशेएक शेल स्क्रिप्ट सांभाळणं हाताबाहेर गेलं, तेव्हा एफएसटेस्ट्स हे त्याच कामाचं तयार टेस्ट-सूट घेतलं. हे मूळचं एसजीआय कंपनीतलं, एक्सएफएस या फाइलसिस्टिमसाठी लिहिलेलं. आज एक्स्ट४, बीटीआरएफएस अशा इतर फाइलसिस्टिमवालेही वापरतात. बसवायला सोपं आहे. फक्त स्क्रॅच डिव्हाइस (टेस्टसाठी दिलेली डिस्क) पुन्हापुन्हा फॉरमॅट होतं, तेव्हा कॉन्फिगमधलं नाव दोनदा तपासा.

खरा वेळ गेला तो आमच्या स्क्रिप्टपैकी काय ठेवायचं, काय हलवायचं आणि काय काढायचं, यात.

कोटाचा (युजरच्या डिस्क-वापरावरच्या मर्यादेचा) तयार टेस्ट-ग्रुप दिसला म्हणून आमच्या चार कोटा स्क्रिप्ट मी काढायलाच निघाले होते. चालवून पाहिलं, एकही फेल नाही. मग नीट वाचलं तर एकेका टेस्टपुढे ‘नॉट रन’! मशीनवर कोटाची टूल्सच नव्हती, त्यामुळे त्या टेस्ट चालल्याच नव्हत्या. आता ‘नॉट रन’ची यादी मी सगळ्यात आधी वाचते.

तेव्हापासून एक पद्धत लावली. स्क्रिप्ट ज्या बगसाठी लिहिली होती, त्याचा पॅच कर्नलमधून मागे घ्यायचा. आमची स्क्रिप्ट फेल व्हायलाच हवी, आणि एफएसटेस्ट्समधली तिची जोडीदारही फेल झाली तरच आमची काढायची. जोडीदार नसेल तर आमची एफएसटेस्ट्सच्या साच्यात लिहायची. काम वेळखाऊ आहे, पण त्यातूनच कळलं की काही स्क्रिप्ट कधी फेल होऊच शकत नव्हत्या. कमांडचं आउटपुट पाइपने ‘टी’ या कमांडकडे (ती आउटपुट दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते) जायचं आणि एक्झिट कोड ‘टी’चाच मिळायचा, म्हणजे कायम शून्य, अर्थात ‘पास’. काही वर्षं आम्ही त्यांच्या भरवशावर रिलीज दिले, याचं फार वाईट वाटलं. त्या दुरुस्त करून मगच पुन्हा तपासल्या.

साच्यात नेताना त्रास झाला तो अपेक्षित आउटपुटच्या फाइलचा; टेस्टचं आउटपुट तिच्याशी तंतोतंत जुळावं लागतं. त्यात ‘डीएफ’ कमांडचे मोकळ्या जागेचे आकडे किंवा आयनोड नंबर (फाइलचे अंतर्गत क्रमांक) राहिले, की डिस्क बदलताच टेस्ट फेल. ते सगळं फिल्टर करावं लागतं.

रिलेने बॉक्सची वीज तोडणारी टेस्ट मात्र मी काढू दिली नाही. एफएसटेस्ट्समध्ये वीज गेल्याची नक्कल करायला डीएम-फ्लेकी हे कर्नलमधलं साधन आहे, पण ते सॉफ्टवेअरमध्येच राइट गाळतं. एसएसडी ‘फ्लश झालं’ म्हणते तेव्हा डेटा खरंच उतरला का, हे वीज तोडल्याशिवाय कळत नाही. ती स्क्रिप्ट आजही रोज रात्री चालते.