शिमोनोसेकीची पायी सफर: साडेतीन तारे, आणि दीड का कापले ते

आधी व्यवहाराचं बोलू. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकावरच्या या बंदरशहरात अर्ध्या दिवसाची इतिहास-सफर, माणशी ३,५०० येन, बोलणं सगळं जपानीतून. आमच्या गटात सहा जण होते. मिमोसुसोगावाच्या बागेत सुरुवात आणि काराटोच्या मासळीबाजारात शेवट, मधलं अंतर दीडेक किलोमीटर. पायांना त्रास नाही. सफर काढणाऱ्या संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे जरा कुरकुर आहे आणि वाटाडे आजोबा अगदी भला माणूस होते.

मी खाडीपलीकडे किताक्युशूत दुभाष्याचं काम करतो. म्हणून तिकडच्या मोजी भागातून, समुद्राखालच्या कान्मोन बोगद्यातून चालतच आलो. ७८० मीटरची वाट, डोक्यावर समुद्र, आणि मध्यावर जमिनीवर आखलेली फुकुओका आणि यामागुची या प्रांतांची हद्द. एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून सगळेच फोटो काढतात, मीही काढला. चालणाऱ्याला पैसे पडत नाहीत. वर आलं की रस्त्यापलीकडे लगेच तोफा दिसतात.

पाच तोफा, तोंडं सामुद्रधुनीकडे. एकीत १०० येनचं नाणं टाकलं की धडाम आवाज होतो आणि धूर निघतो. आजोबांनी स्वतःच्या खिशातलं नाणं टाकलं आणि आमच्यातल्या लहान पोराइतकेच खूश झाले. या प्रतिकृती आहेत. खऱ्या तोफा जिंकणाऱ्यांनी उचलून नेल्या, त्यातल्या काही पॅरिसच्या इनव्हॅलिद लष्करी संग्रहालयात पोचल्या. झालं असं, की १८६३ मध्ये इथल्या चोशू संस्थानाने ‘परक्यांना हाकला’ म्हणत अमेरिकी, फ्रेंच आणि डच जहाजांवर गोळे टाकले. सप्टेंबर १८६४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि अमेरिका या चौघांची १७ जहाजं आली आणि थोड्याच दिवसांत किनाऱ्यावरचे तोफखाने गप्प झाले.

इथे आजोबांनी जे सांगितलं त्यासाठी माझे निम्मे पैसे वसूल. तहाच्या बोलणीला चोशूतर्फे ताकासुगी शिन्साकू गेला आणि त्याच्यासोबत दुभाषी म्हणून इतो हिरोबुमी. वय वर्षं २२. हा इतो आदल्या वर्षी चोरून जहाजात बसून लंडनला शिकायला गेला होता. आपलं संस्थान परदेशी आरमारांच्या वाटेला जातंय हे कळताच मित्र इनोउए काओरूबरोबर परत आला, वरिष्ठांना ‘लढू नका’ म्हणून विनवलं. कोणी ऐकलं नाही. हरल्यावर मात्र इंग्रजीसाठी त्यालाच बोलावणं. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. दुभाष्याचा सल्ला कोणाला नको असतो, भाषांतर तेवढं हवं असतं.

त्या बोलणीची एक दंतकथा आजोबांनी फार रंगवून सांगितली. ब्रिटिशांनी हिकोशिमा बेट भाडेपट्ट्याने मागितलं, तेव्हा ताकासुगीने देवांच्या जन्मापासूनचं पुराण लावलं आणि समोरच्यांनी कंटाळून विषयच सोडला. मला नाही पटत. ही आठवण सांगणारा इतोच, तीही कितीतरी वर्षांनी. आणि खरं असेल तर त्या सगळ्या देवांच्या नावांचं इंग्रजी करायची वेळ त्याच्यावरच आली असणार. बिचारा!

पुढे समुद्राच्या कडेने अकामा देवळावरून गेलो. तिथे बाराव्या शतकातल्या दानोउराच्या लढाईवर दहा मिनिटं गेली, ती कमी चालली असती. मग शुनपानरो हे नावाजलेलं जेवणघर आणि त्याच्या आवारातलं शांतता-वाटाघाटींचं स्मारकगृह. सफरीचा जीव इथे आहे. इमारत १९३७ ची, प्रवेश मोफत. १८९४-९५ चं युद्ध मिटवायला १८९५ साली ज्या शुनपानरोत जपान आणि चीनची बोलणी झाली ती मूळ वास्तू १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पण खुर्च्या, दौती, शेगडी असं सामान वाचलं. ते काचेआड बैठकीसारखं मांडून ठेवलंय आणि आपण भोवतीने फिरून बघायचं.

मी सवयीने दुभाष्याची खुर्ची शोधत होतो. एका बाजूला इतो. तोच, आता ५३ वर्षांचा आणि पंतप्रधान. शेजारी परराष्ट्रमंत्री मुत्सु मुनेमित्सु. समोर चीनचे प्रतिनिधी, ७२ वर्षांचे ली होंगझांग. ३१ वर्षांपूर्वी हरलेल्यांच्या बाजूने शब्द शोधणारा पोरगा, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, आता अटी घालत होता. आजोबांनी ‘तोच तो’ एवढंच म्हटलं आणि थांबले. चांगल्या वाटाड्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, ती मी सांगतो. करार जपानी, चिनी आणि इंग्रजीत झाला, आणि अर्थाचा वाद पडला तर इंग्रजी मसुदा प्रमाण मानायचा असं ठरलं. दोघंही कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, लिहिणारे, आणि निवाडा तिसऱ्याच्या भाषेत! हे उगाच झालेलं नाही. जुलै १८९४ मध्येच मुत्सुच्या कारकिर्दीत ब्रिटनबरोबर नवा करार झाला होता. ब्रिटिशांनी जपानच्या भूमीवर आपली वेगळी न्यायालयं चालवायची ही जुनी लाजिरवाणी तरतूद त्याने जाणार होती, १८९९ मध्ये गेलीही. आपण पाश्चात्त्यांच्या कायद्याने, पाश्चात्त्यांच्या कागदावर वागतो हे दाखवणं हेच तेव्हा जपानचं परराष्ट्रधोरण होतं. चीननेही सल्ल्याला अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर यांना आणलं होतंच.

यानंतरची बोळातली चाल हा सगळ्यात सुंदर भाग. २४ मार्चला बैठक आटोपून मुक्कामाच्या इंजोजी मंदिराकडे परतताना कोयामा तोयोतारो नावाच्या तरुणाने ली यांच्यावर गोळी झाडली. डोळ्याखाली गालात लागली, पण ते वाचले. त्यानंतर हमरस्ता टाळून डोंगराच्या कुशीतल्या या अरुंद वाटेने त्यांची ये-जा होऊ लागली. आजही तिला ली होंगझांग यांचंच नाव आहे. घरांच्या पाठभिंती, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, आणि मध्येच फटीतून दिसणारं पाणी. जगभर नाचक्की होईल या धास्तीने जपानने ३० मार्चला युद्धविराम दिला. १७ एप्रिलला सह्या झाल्या. तैवान, पेस्कादोरेस बेटं, ल्याओतुंग द्वीपकल्प, शिवाय २० कोटी ताएल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीची भरपाई. पहिली मागणी ३० कोटींची होती.

सहाच दिवसांनी रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने मिळून ‘ल्याओतुंग परत करा’ म्हणून दम दिला. करावं लागलं, वर ३ कोटी ताएल घेऊन. ‘गाशिन्शोतान’ हा शब्द तेव्हा जपानमध्ये घरोघरी झाला. काटक्यांवर निजायचं, पित्त चाटायचं आणि अपमान विसरायचा नाही. माझ्या मते या देशाचं पुढचं शतक त्या सहा दिवसांत ठरलं. एकट्याने जिंकलेलं टिकत नाही, समुद्रावर ज्याची सत्ता त्याच्याशी दोस्ती हवी. म्हणून १९०२ मध्ये ब्रिटनशी युती, म्हणून १९५१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या शांतताकराराच्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करार. मधे १९४० मध्ये ही चाल सोडून जर्मनी-इटलीचा हात धरला, त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यातल्या एकाने ‘मुक्त आणि खुल्या हिंद-प्रशांत’चा विषय काढला, तेव्हा आजोबा खुलले. ही कल्पना मांडणारे दिवंगत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा मतदारसंघ हाच होता ना!

भरपाईची रक्कम लंडनमध्ये पौंडात मोजून घेतली गेली. त्यावर १८९७ मध्ये येन सोन्याला बांधला, बरीचशी आरमारावर आणि सैन्यावर गेली, आणि थोडी आमच्या किताक्युशूतल्या यावाताच्या पोलाद कारखान्यात. तो १९०१ मध्ये सुरू झाला. मी रोज ज्या लोकलने कामाला जातो तिच्या खिडकीतून त्याची जुनी भट्टी दिसते. इतकी वर्षं ती बघतोय, पण तिचे पैसे कुठून आले ते या सफरीच्या निमित्ताने शोधलं तेव्हा कळलं.

आता दीड तारा. अर्धा दानोउराचा. उरलेला पूर्ण तारा कोरियाचा. कराराचं पहिलंच कलम म्हणतं, कोरिया पूर्ण स्वतंत्र आहे हे चीन मान्य करतो. मी विचारलं, मग पुढे? आजोबा म्हणाले, ‘ते फार लांबेल,’ आणि फुगू माशाकडे वळले. या विषारी माशावरची बंदी इतोने १८८८ मध्ये यामागुचीपुरती उठवली, शुनपानरो हे परवाना मिळालेलं पहिलं ठिकाण, इथे फुगूला ‘फुकु’ म्हणतात कारण फुकु म्हणजे भाग्य, वगैरे. रंजक आहे, कबूल. पण वीस मिनिटं? त्या वेळात एवढं सहज सांगून झालं असतं: सह्यांना सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा सोलच्या राजवाड्यात कोरियाच्या राणीचा खून झाला आणि त्यात तिथल्या जपानी राजदूताचाच हात होता. तोही चोशूचाच. १९०५ मध्ये कोरिया जपानच्या संरक्षणाखाली आला आणि तिथला पहिला रेसिडेंट-जनरल, म्हणजे जपानचा सर्वोच्च अधिकारी, झाला इतो. १९०९ मध्ये चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने त्यालाच गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी कोरिया जपानने गिळला. दुभाषी इतो दाखवला, पंतप्रधान इतो दाखवला, तिसरा इतो खिशातच ठेवला.

तरी जा. शनिवार-रविवारी काराटोत सुशीच्या गाड्यांवर तोबा गर्दी असते, मधला वार धरा. जपानी येत नसेल तर कोणीतरी जपानी येणारा सोबत घ्या. आणि सफर संपल्यावर बस न पकडता स्टेशनच्या दिशेने चालत राहा. बंदरावर कोरियातल्या पुसानची बोट लागलेली असते. ही फेरी पहिल्यांदा १९०५ च्या सप्टेंबरात सुरू झाली. मी पोचलो तेव्हा पाट्यांवर जपानीखाली कोरियन अक्षरं, रांगेत मोठमोठी खोकी घेतलेल्या बायका, आणि एक आजी आपल्या नातवाला दोन्ही भाषांत एकच गोष्ट सांगत होती: हात सोडू नकोस.