बाबा आयसीयूत: मुलाला न्यायचं, व्हिडिओ कॉल करायचा की घरीच ठेवायचं?

‘बाबा कामासाठी गावाला गेलेत’ ही थाप फार दिवस टिकत नाही. आजीचे सुजलेले डोळे, दारात कुजबुजणारे शेजारी पाहून चार वर्षांच्या पोरालाही काहीतरी बिनसलंय हे कळतं. म्हणून पर्याय कुठलाही निवडा, आजाराचं नाव आणि ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे दोन्ही आधी सांगून टाका. पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं ‘मी हट्ट केला म्हणून’ असं मनात धरून बसतात आणि कुणाला विचारतही नाहीत.

प्रत्यक्ष भेट

मुलाला यायचं असेल आणि पेशंट स्थिर असेल तर आमचं मत याच बाजूने. अनेक रुग्णालयांत बारा वर्षांखालच्या मुलांना पास मिळत नाही, पण त्यावर गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी आयसीयूच्या डॉक्टरांना किंवा सिस्टर इन-चार्जना भेटा, सवलत देणं बऱ्याचदा त्यांच्या हातात असतं. मुलाला ताप, खोकला, जुलाब असतील किंवा मागच्या तीन आठवड्यांत कांजिण्या झालेल्या कुणाशी संपर्क आला असेल तर नेऊ नका. पेशंटची प्रतिकारशक्ती खूप खालावली म्हणून डॉक्टर नको म्हणाले, तर तिथे घासाघीस नको.

खरी मेहनत असते नेण्याआधीची. सिस्टरांना विचारून बेडचा एक फोटो काढा आणि घरी शांतपणे दाखवा. तोंडातली नळी स्वरयंत्रातून खाली जाते, म्हणून बाबांना बोलता येत नाही, ते रुसलेले नाहीत. चेहरा सुजलाय तो अंगात पाणी साठल्यामुळे. मशीन वाजलं म्हणजे दर वेळी काही वाईट झालं असं नाही, पुष्कळदा ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा सरकलेला असतो. आणि हात: पेशंट अर्धवट गुंगीत नळी ओढतो, म्हणून कधी कधी मनगटं मऊ पट्ट्यांनी कठड्याला बांधलेली असतात. हे आधी सांगितलं नाही, तर मुलाला ती शिक्षाच वाटते.

आत पाच ते दहा मिनिटं पुरे. सिस्टरांची ड्यूटी बदलते ती वेळ, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) आणि ड्रेसिंग टाळा. सोबत दोन मोठी माणसं हवीत. त्यातली मावशी किंवा काका फक्त मुलासाठी, ‘चल’ म्हटलं की त्याला घेऊन बाहेर पडणारे. इथेच बहुतेकांची चूक होते: आई एकटीच नेते, तेवढ्यात डॉक्टर बोलायला येतात आणि ‘किडनी साथ देत नाहीये’ हे पोरगं बाजूला उभं राहून ऐकतं. सलाईन नसलेल्या बाजूला स्टूल ठेवा. हात धरावासा वाटला तर धरू द्या. ‘बोल ना बाबांशी’ म्हणून ढोसू नका.

व्हिडिओ कॉल

सोपा वाटतो, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी आम्ही सुचवणार नाही. फोनच्या पडद्यावर नळी आणि सुजलेला चेहराच भरून राहतो, बाजूची सिस्टर दिसत नाही, हात धरता येत नाही, वर मध्येच रेंज जाते. बाबा शुद्धीवर असून हात हलवू शकत असतील तर मात्र उत्तम, विशेषतः मूल गावी आणि पेशंट पुण्या-मुंबईत असताना. नाहीतर उलट करा: मुलाने अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करावा, तो बाबांच्या कानाशी लावावा. चित्र काढलं तर प्लास्टिकच्या कव्हरात घालून द्या, म्हणजे पुसता येतं.

घरी ठेवणं

सगळं नीट सांगूनही मूल ‘नको’ म्हणालं, तर तेच बरोबर. उद्या पुन्हा विचारा. पेशंट भ्रमात आरडाओरडा करत असेल तर एक-दोन दिवस थांबा. पण डॉक्टरांनी आशा कमी आहे असं सांगितलं असेल, तर ‘थोडं बरं वाटू दे, मग नेऊ’ म्हणत वेळ घालवू नका. आणि ‘बाबा झोपलेत’ म्हणू नका, नाहीतर मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. ‘औषधाने झोपवलंय’ म्हणा.

बाहेर आल्यावर ‘घाबरलास का?’ ऐवजी ‘काय काय दिसलं?’ विचारा. बेडखाली लटकणारी पिवळी पिशवी कसली, असा प्रश्न आला तर लघवीची आहे हे सरळ सांगा.